स्टिअरिंगवरची चार बोटं

ताई हात करायच्या तो असा: अंगठा स्टिअरिंगवर तसाच, चार बोटं वर, क्षणभर थांबून खाली. त्यांच्या गाडीसारखी दोन सीटची बुटकी गाडी दिसली की हे व्हायचंच. पलीकडचाही बोटं उचलायचा. तो रशियन असो, अरब असो, केरळचा असो, ताईंचं वाक्य ठरलेलं.

"आपल्यातला आहे."

अशी लाल, छत उघडणारी गाडी तुम्हीही सिग्नलला पाहिली असेल आणि आत केसांना जेल लावलेला कोणी तरुण असणार असं धरून चालला असाल. आमच्या ताई सत्तावन्न वर्षांच्या. सुती कुर्ता, मागे अंबाडा, पायाशी डब्याची पिशवी. दुबईत, जबल अली बंदरावर एका शिपिंग कंपनीत कस्टम्सची कागदपत्रं बघायच्या. गाडी सेकंडहँड, पण स्वतःच्या पगारातून घेतलेली. लग्न केलं नाही, त्याऐवजी ही केली, असं त्याच सांगायच्या.

सिलिकॉन ओएसिस वस्तीत मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. माझंही ऑफिस जबल अलीतच, आणि ड्रायव्हिंगच्या परीक्षेत मी तीनदा नापास झालेली. एकदा लिफ्टमध्ये त्याच म्हणाल्या, रोज एक सीट रिकामी जाते, येत जा. पेट्रोलचे पैसे मात्र शेवटपर्यंत घेतले नाहीत.

त्या गाडीत मला भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकते. गाडी इतकी खाली की शेजारून ट्रेलर गेला की त्याचं चाक थेट माझ्या खिडकीत. आणि सकाळी जबल अलीच्या रस्त्याला ट्रेलरच ट्रेलर. मी पर्स पोटाशी धरून बसायची आणि नसलेला ब्रेक उजव्या पायाने दाबत राहायची.

भीती वाटली की मी बोलते. "उजवीकडून ट्रेलर येतोय. मागची पांढरी घाईत आहे. जाऊ द्या तिला. आता मोकळं." यावरून नवरा म्हणतो, हिला घेऊन जाण्यापेक्षा टॅक्सी बरी. मुलगी म्हणते, "आई, प्लीज, यू आर नॉट द जीपीएस." ताई एकट्याच अशा की कधी वैतागल्या नाहीत.

"बोल गं, बोल. तू बोललीस की बरं वाटतं."

मी खूश. इतक्या वर्षांनी कदर करणारं कोणी भेटलं होतं.

माझ्या डायरीत सगळ्याच याद्या असतात, तशी मी हाताचीही ठेवली. ताईंनी कितींना हात केला, कितींनी उत्तर दिलं. सुरुवातीला बहुतेक जण द्यायचे. मग कमी होत गेले. टुरिस्ट भाड्याने गाड्या घेऊ लागले होते, एका हातात फोन धरून स्वतःचाच व्हिडिओ काढत जायचे. "भाड्याच्या गाडीला हात नसतो," ताई म्हणायच्या, पण बोटं उचलायच्याच.

पुढे एक गोष्ट मला खटकू लागली. उजव्या लेनमधून कोणी आपणहून हात करायचा आणि ताई ढिम्म. तो वाट बघून पुढे निघून जायचा. मी सांगितलं की म्हणायच्या, "भाड्याची असेल." एकदा तो दाढीवाला होता, ज्याला आम्ही दर आठवड्याला बघायचो. त्याची गाडी भाड्याची नव्हती. मी डायरीत लिहिलं: ताईंचा राग? पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पान उलटलं.

मग ऑफिसच्या एसीने माझा घसा बसला. पूर्ण बसला. सकाळी गाडीत बसताना मी गळ्यावर बोट ठेवून खूण केली. ताई हसल्या, आज रेडिओला सुट्टी म्हणाल्या. हसणं लवकर थांबलं, तेवढं मला दिसलं होतं.

जबल अलीच्या एक्झिटच्या आधी त्यांनी उजवा इंडिकेटर दिला. शेजारी ट्रेलर होता. मागे नव्हता, पुढे नव्हता, शेजारी, माझ्या खांद्याला लागून. मला वाटलं, तो जाईपर्यंत थांबतील. ताईंनी आरशात पाहिलं आणि चाक फिरवलं. मी तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली. खिडकीत टायर मोठा होत गेला. त्याच्यावरची अक्षरं वाचता येत होती. मी डायरी डॅशबोर्डवर आपटली, पुन्हा आपटली.

ताईंनी गाडी डावीकडे ओढली. ट्रेलरचा हॉर्न कितीतरी वेळ कानात राहिला.

दोन किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली, चारही दिवे लावले. बाजूने जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरसरशी आमची गाडी हलत होती. ताईंचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

"आज तू बोलली नाहीस," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा गळ्यावर बोट ठेवलं.

"काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं गं. बाजूचं गेलंय, उजवीकडचं जास्त. लायसन्सला समोरची अक्षरं वाचायला लावतात. वाचली." मग म्हणाल्या, "उजवी बाजू तू बघायचीस. म्हणून तर तुला बोलावलं."

मी मनात हिशेब केला. चौदा महिने. सुट्ट्या वजा जाता रोज दोन फेऱ्या, आणि घरी चौथीतली मुलगी. डायरीत लिहायला काही सुचलं नाही. माझ्याजवळ डोळे होते, लायसन्स नव्हतं. त्यांच्याजवळ लायसन्स होतं. शेवटी ताईंनीच गाडी उचलून नेणाऱ्या रिकव्हरीवाल्यांना फोन केला. गाडी ट्रकवर चढली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाठ केली होती.

मी कोणाला सांगायचं, या काळजीत तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी त्यांनी गाडी विकली. दोन महिन्यांत नोकरी सोडली, व्हिसा रद्द करून सांगलीला भावाकडे जायचं ठरवलं. तेवढ्यात मी चौथ्यांदा परीक्षा दिली आणि पास झाले. परीक्षकाने विचारलं, एवढं तोंडाने काय पुटपुटता?

एअरपोर्टला मीच सोडलं, आमच्या पांढऱ्या सेडानमधून. रास अल खोरपाशी उजव्या लेनमध्ये तशीच एक बुटकी गाडी आली. ताई समोर बघत होत्या.

"ताई, उजवीकडे. आपल्यासारखी, निळी."

त्यांनी मान वळवली नाही. काचेजवळ हात नेऊन चार बोटं उचलली, नीट, अंदाजाने, आणि धरून ठेवली. निळ्या गाडीतला पोरगा फोनमध्ये बघत पुढे निघून गेला.

"केला का त्याने?"

माझ्या डायरीत आजवर एकही नोंद खोटी नाही.

"केला," मी म्हटलं.

"तुझ्या या डब्याला?" ताई हसल्या. मग हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "बोल. आता कोण येतंय उजवीकडून?"