मागे राहिलेल्याचा हात

चूक माझीच होती. जुन्या चिनी कविता वाचायला आमच्याकडे मित्र जमत. एका कवितेत कवी निघालेल्या मित्राच्या हातात वाळुंजाची फांदी देतो. निरोपाची तिकडची रीत. माझी बायको सुमन म्हणाली, "तो फांदी घेऊन गेला. मागे राहिलेल्याच्या हातात काय उरलं हो?"

"ते कवितेत नाही. तू चहाचं बघ," मी म्हणालो. सगळे हसले. ती पुन्हा कधी आमच्यात बसली नाही.

आता सुमन नाही. काल एसटी स्टँडवर बस निघून गेली, तरी एक म्हातारा हात हलवत होता. मग हात खाली घेऊन तो तळव्याकडे बघत राहिला.

आज त्याच मित्रांसमोर ती कविता पुन्हा वाचली आणि मोठ्याने म्हणालो, "सुमन, ते कवितेतच होतं: फांदी देऊन रिकामा झालेला हात. मला माफ कर."