दोन बोटं कमी भरलेली बाटली

अमुक माणूस आता पार बदलला, असं कुणी सांगितलं की मी आधी त्याच्या चपला बघतो. चपला बहुतेक त्याच असतात. मग मी मनात म्हणतो, बघा.

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे. एखाद्या रविवारी कुणीतरी पुढे येतं आणि आपण पूर्वी कसे होतो, प्रभूनं आता कसं केलं, ते सांगतं. चर्चच्या सेवकानंही अशी साक्ष दिली होती. चर्च झाडणं, घंटा वाजवणं, बाकं पुसणं ही त्याची कामं. हा खराडीकडचा गडी. खराडी तेव्हा शेतीचं गाव होतं, आणि या गड्यानं वीस वर्षं तिथल्या गुत्त्यावर काढली होती. मग काय झालं ते त्यानं चार वाक्यांत सांगितलं. बायकांनी डोळे पुसले, पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली. मी घड्याळ पाहिलं. चार वाक्यांत वीस वर्षं फिटतात, हे मला पटेना. मला साधी सायकल दुरुस्त झाल्याचं सांगायला याहून जास्त वेळ लागतो.

मी चर्चच्या पंचांपैकी एक. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि पेलाभर द्राक्षरस घ्यायचा विधी, आणि त्यासाठी लागणारा द्राक्षरस आमच्या घरून जाई. आमच्यात तो दारूचा नसतो, काळ्या मनुकांचा असतो. माझी बायको मनुका धुऊन, चांगल्या तासभर उकळून, गाळून शनिवारी संध्याकाळी बाटली भरायची. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर ते काम मी माझ्याकडे घेतलं. कोथरूडला गॅसचा सिलिंडर मिळायला तेव्हा आठवडेच्या आठवडे लागत, आणि मनुकांसाठी तासभर गॅस जाळणं मला उधळेपणा वाटे. मी सुधारणा केली. मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. आणि ऐन वेळी धावपळ नको म्हणून पंधरा दिवस आधीच.

"अहो, उकळायला लागतं ते," बायको म्हणाली.

"उकळून चव जाते," मी म्हणालो. चवीतलं मला काय कळतं हे तिला ठाऊक असूनही तिनं मनुकांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

बाटली मी वेस्ट्रीतल्या कपाटात ठेवायचो. वेस्ट्री म्हणजे पाळकसाहेबांची झगा घालायची खोली. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सेवकाकडे होती. आता सांगा, वीस वर्षांचा पिणारा आणि त्याच्याच कमरेला किल्ली. पंचांच्या सभेत मी एकदा तसं सुचवलंही. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, विश्वास ठेवा." ठेवला. पण बाटलीच्या कागदावर, रसाच्या पातळीला, पेन्सिलीनं बारीक रेघ मारून ठेवला.

रविवारी सकाळी बघतो तर रस रेघेखाली दोन बोटं. आणि रंगही फिका. दुसऱ्या महिन्यातही तेच. प्रभुभोजनाच्या वेळी मुद्दाम जिभेवर घोळवून पाहिला, तर पाणचट. माझ्या डोक्यात खटला उभा राहिला: प्यायलाय, वर पाणी घातलंय, आणि दोन बोटांइतकी लाजही ठेवली नाहीये. त्यानंतर मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायच्या मागे लागलो. उपासनेनंतर सलाम करताना मी त्याला इतक्या जवळून भेटायला लागलो की एकदा तो म्हणाला, "सायेब, ऐकाया कमी येतं का तुमास्नी?" वास फक्त खोबरेल तेलाचा यायचा. दारुडे असलं काहीतरी लावतातच, असं मी ठरवलं.

सरळ आरोप करायची माझी छाती नव्हती. पुरावा काय, तर पेन्सिलीची रेघ. तेव्हा मी देवालाच कामाला लावायचं ठरवलं.

नव्या वर्षाच्या सकाळी आमच्याकडे प्रत्येकानं एक वचन उचलायचा शिरस्ता आहे. शास्त्रातली वचनं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून तबकात ठेवतात. तबक बाकांवरून फिरतं, जो तो एक चिठ्ठी उचलतो, आणि तेच त्याचं वर्षाचं वचन. लोक ते भिंतीवर लावतात, पाकिटात ठेवतात. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. त्या वर्षी मी नेहमीची आशीर्वादाची वचनं लिहिली आणि एक खास लिहिलं. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं, की प्रभूच्या मेजावर अयोग्यपणे खाणारा-पिणारा आपल्यावर दंड ओढवून घेतो. ही चिठ्ठी मी तबकात अंथरलेल्या कागदाखाली सरकवून ठेवली. तबक सेवकच फिरवायचा आणि स्वतः सगळ्यांत शेवटी घ्यायचा. वरच्या चिठ्ठ्या संपल्या की त्याला ती सापडणार. वीस वर्षांच्या पापाला एक चिठ्ठी, हिशेब सोपा होता.

तबक फिरलं. मला शांतीविषयीचं वचन आलं, ते मी न वाचताच खिशात घातलं, कारण माझे डोळे तबकावर होते. सेवक वेदीजवळ पोचला, त्यानं कागद उचलला, चिठ्ठी हातात घेतली. एवढ्यात मागचं दार वाजलं आणि बाई आत आल्या.

बाई म्हणजे आमच्या चर्चमधल्या निवृत्त शिक्षिका. शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पंचाहत्तरीच्या, गुडघे गेलेले, पण एकही प्रभुभोजन त्यांनी चुकवलं नव्हतं. बस उशिरा आली होती. सेवकानं रिकामं तबक पाहिलं, हातातली न उघडलेली चिठ्ठी पाहिली आणि सरळ जाऊन ती बाईंना दिली.

"आणि तुमची?" बाईंनी विचारलं.

"माजी फुडल्या वर्सी."

बाईंनी चिठ्ठी उघडली, चष्मा वर करून वाचली, पुन्हा घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. मी तिसऱ्या बाकावर होतो. उठून "बाई, चूक झाली" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? म्हणालो नाही. म्हटलं, म्हातारी आहे, विसरेल.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळे प्रभुभोजनाला पुढे गेले. बाई बाकावर बसून राहिल्या. गुडघे असतील, असं मी म्हटलं. फेब्रुवारीतही तेच. मार्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, तर म्हणाल्या, "माझं आणि देवाचं आहे ते." बाई दर रविवारी यायच्या, गीतं म्हणायच्या, आणि मेज मांडलं की खाली मान घालून बसायच्या. बायकांत कुजबूज सुरू झाली. मी त्यातही शहाणपणा केला. दयेविषयीची दोन-तीन वचनं सुबक अक्षरात लिहून, नाव न घालता, बाईंना टपालानं पाठवली. एका चिठ्ठीचा उतारा म्हणून तीन चिठ्ठ्या. काही झालं नाही.

मार्चअखेरीस एका दुपारी स्कूटर काढून शनिवार पेठेत गेलो. बाई ताक करत होत्या. मला बसायला सांगून त्यांनी रवी थांबवली नाही.

"बाई, ती नव्या वर्षाची चिठ्ठी मी लिहिली होती."

"सगळ्याच तुम्ही लिहिता."

"ती मुद्दाम लिहिली होती. ती तुम्हाला नव्हती. देवानं पाठवलेली नव्हती."

रवी थांबली. "टपालानं आलेल्या?"

"त्याही मीच."

"ते दिसतंच. पाकिटावर शनिवार पेठ इतकं झोकात कोण लिहील?" त्या पदराला हात पुसत समोर बसल्या. "मग ती कुणाला होती?"

मी सेवकाचं सांगितलं. रेघ, दोन बोटं, फिका रंग, खोबरेल तेल, सगळं. सांगताना मला अजूनही वाटत होतं की बाई म्हणतील, पुरावा तर भक्कम आहे.

"मी तीन महिने शोधत होते, की माझं कुठलं पाप वरती पोचलं," त्या म्हणाल्या. "शोधलं की सापडतंच. तुमच्या चिठ्ठीवर पत्ता नव्हता, तरी पोचली ती बरोबर."

"पण बाई, आता तर कळलं ना तुम्हाला? या रविवारी मेजावर याल ना?"

"शास्त्रात देव गाढवाच्या तोंडूनही बोललाय. तेव्हा तुम्ही लिहिलीत म्हणून ती रद्द होत नाही. माझं मी निस्तरतेय. बहिणीला पत्र टाकलंय, तिचं उत्तरही आलंय." मग म्हणाल्या, "येईन. पण त्या माणसाला तुम्ही तोंडानं सांगायचं. नाहीतर माझ्या शेजारी बसून तुम्ही पेला उचलणार, आणि मी ते बघत बसायचं, हे मला जमायचं नाही."

एप्रिलच्या पहिल्या रविवारी लवकर गेलो. सेवक वेस्ट्रीत छोट्या पेल्यांचं ताट पुसत होता. कोपऱ्यात स्टोव्ह होता, त्यावर पातेलं, आणि पातेल्यात मनुका उकळत होत्या.

"हे काय?"

तो चपापला. "सायेब, रागावू नगा. तुमचा रस आंबतो."

मी बाटली उघडून वास घेतला. मला काही कळलं नाही, पण त्याला कळत होतं. "म्या वीस वर्सं ह्याच वासामागं हिंडलोय. आक्टोबरात कपाट उघडलं अन् हात आपसूक बाटलीवर गेला. वतून दिला भाईर, जास्वंदीच्या बुडाला. घरून मनुका आणल्या, उकळल्या. जेवढ्या व्हत्या तेवढ्याचाच रस झाला, म्हणून कमी भरतो, अन् पातळबी. दर म्हैन्याला त्येच."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी मेहनतीनं करता. अन् सांगितलं असतं, तर तुमी म्हनला असता, ह्याला दारूचा वास बरा कळतो."

म्हणालो असतो. अगदी याच शब्दांत. मग मी त्याला रेघेचं सांगितलं, आणि चिठ्ठीचं. तो ऐकत स्टोव्हची वात कमी करत होता. ऐकून झाल्यावर त्यानं पातेलं उतरवलं आणि म्हणाला, "गाळणी धरा जरा."

मी गाळणी धरली.

उपासनेत मेज मांडल्यावर बाई उठल्या, बाकांचा आधार घेत पुढे निघाल्या. मी बसून राहिलो. चर्चच्या कपाटात सहा महिने दारू पाडणारा मी, ती एका सुटलेल्या माणसाच्या हाताशी ठेवणारा मी, आणि वर त्याचा श्वास हुंगणारा मी. एवढ्या भांडवलावर पुढे कसं जाणार? बाई माझ्या बाकाशी थांबल्या.

"अडलंय कुठं?"

"बाई, मी आज नको. लायकी नाही."

"लायक लोकांची रांग दुसरीकडे असेल. ही आपली आहे. उठा, मला फार वेळ उभं राहवत नाही."

उठलो. त्यांना हात दिला. वेदीपुढच्या कठड्याला सगळे गुडघे टेकून होते. बाईंना एका टोकाला जागा मिळाली. मला जागा दिसेना. मग सेवकानं मागे वळून पाहिलं, आणि गुडघ्यांवरच थोडा बाजूला सरकला.