उतरणीच्या खुणा

दुसऱ्याच्या चुका शोधण्यात रेझिका प्लेश्निकचा हात धरणारं आमच्या डोंगरमंडळात कुणी नव्हतं. कुणी बुटांच्या नाड्या सैल बांधल्या, कुणी विश्रांतीघरात चिखलाचे बूट घालून शिरलं, कुणी माथ्यावरच्या वहीत सही न करताच खाली आलं, की रेझिकाच्या तोंडाचा पट्टा सुरू. मोज्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तिनं तयार माल तपासला होता. सुटलेला टाका तिला दहा पावलांवरून दिसायचा. मंडळाचा अध्यक्ष बोगोमीर गावच्या शाळेचा मुख्याध्यापक होता, पण तोही तिच्यासमोर शब्द मोजून बोलायचा.

रावनिक डोंगराच्या वाटेवरच्या खुणा रंगवायचं काम तिच्याकडे होतं. लाल कडं आणि आत पांढरा ठिपका. एकतीस वर्षं दर जूनमध्ये ती रंगाचे दोन डबे आणि तारेचा ब्रश घेऊन चढायची, जुनी खूण खरवडायची आणि नवी काढायची. या कामाला छदाम मिळत नाही. वर्षाच्या सभेत जवाचं दाट सूप आणि टाळ्या मिळतात, आणि त्या टाळ्यांसाठी माणसं किती वर्षं राबतात ते आमच्याकडे येऊन बघावं.

पहिली वीस वर्षं तिच्यासोबत तिचा नवरा एडो असायचा. झाडावरची खूण चढणाऱ्याला दिसते, पण उतरणाऱ्याला त्या झाडाची पाठ दिसते, म्हणून प्रत्येक झाड दोनदा रंगवायचं असतं. चढणीच्या खुणा रेझिकाच्या, उतरणीच्या एडोच्या, अशी वाटणी होती. कुणाचं कडं जास्त गोल यावरून दोघं घरी पोचेपर्यंत भांडायची.

एडो गेला त्या वर्षी ती एकटीच रंगवत माथ्यापर्यंत गेली. वळून पाहिलं तर समोरच्या फरच्या झाडावर त्याचं जरासं लांबट कडं. त्याच्यावर ब्रश फिरवायला तिचा हात झाला नाही. ती विश्रांतीघर चालवणाऱ्या लुदविकच्या सामानाच्या गाडीत बसून जंगलखात्याच्या रस्त्यानं खाली आली आणि मंडळाच्या अहवालात लिहिलं, ‘दोन्ही बाजू पूर्ण.’ दुसऱ्या वर्षी पाऊस होता. तिसऱ्या वर्षापासून कारणही लागलं नाही. अकरा वर्षं तिनं तेच तीन शब्द लिहिले आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण आमच्यातला एकही माणूस त्या वाटेनं उतरत नाही. वर जेवायचं, दोन पेले घ्यायचे आणि लुदविकच्या गाडीत कोंबून घेऊन खाली यायचं, हा आमचा शिरस्ता. उतरतात ते परके. दोन वर्षांपूर्वी एका हंगेरियन जोडप्यानं चिठ्ठी ठेवली होती की उतरताना खुणा सापडत नाहीत. रेझिकानं ती सभेत मोठ्यानं वाचून दाखवली. “फोनमध्ये तोंड खुपसून चालल्यावर खुणा काय आकाशातून दिसणार?” ती म्हणाली. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं तोन्चका हसली.

तोन्चका ही तिची कारखान्यापासूनची मैत्रीण. वय एकाहत्तर, जीभ धारदार, वसंतात दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलेला. दोघी रोज भांडायच्या आणि रोज एकमेकींच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायच्या.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मंडळाची ज्येष्ठांची सहल होती. रेझिकाचा गुडघा सुजला होता, म्हणून ती खाली वाहनतळावर चहाची किटली घेऊन बसली. तीन वाजता लुदविकची गाडी धुक्यातून दिवे लावून आली. तेरा माणसं उतरली. रेझिकानं दोनदा मोजली.

“तोन्चका कुठंय?” तिनं विचारलं.

बोगोमीर टोपी काढता काढता थांबला. “म्हणजे? इथं नाही आली?”

“मी सकाळपासून इथंच आहे. आली असती तर चहाला नावं ठेवली नसती का?”

“ती साडेबारालाच निघाली,” बोगोमीर म्हणाला. “म्हणाली, सामानासारखी गाडीत बसून नाही येणार, नवे डोळे मिळालेत तर एकदा वाटेनं उतरून बघते. तेव्हा स्वच्छ ऊन होतं हो! धुकं नंतर आलं. मी म्हटलं, रेझिकाच्या खुणा आहेत, आंधळासुद्धा उतरेल.”

रेझिकानं किटलीचं झाकण घट्ट लावलं, उघडलं, परत लावलं. तोन्चकाचा फोन लागत नव्हता. रावनिकच्या त्या अंगाला फोन कधी लागतच नाही. ती माघारी फिरली असेल तर म्हणून लुदविक गाडी घेऊन परत वर विश्रांतीघराकडे गेला.

चार वाजता डोंगर बचाव पथक आलं. सहा माणसं, एक कुत्री आणि त्यांचा प्रमुख सिल्वो, एरवी गावातला नळदुरुस्तीवाला. त्यानं गाडीच्या टपावर नकाशा पसरला. उजेड साडेपाचपर्यंत टिकणार होता. रात्री थंडी शून्याच्या खाली जाणार होती.

“अंगात काय आहे तिच्या?” सिल्वोनं विचारलं.

“पातळ जाकीट,” कुणीतरी म्हणालं. “ऊन होतं ना.”

सिल्वोनं नकाशावर बोट फिरवलं. “वाटेवरच असेल तर धोक्याची जागा एकच, ओढ्यावरचा कडा. तिथं घसरली असेल. पण वाट चुकली असेल तर मग सगळा डोंगर शोधायला पडलाय.” त्यानं मान वर केली. “रेझिकाताई, उतरणीच्या खुणा नीट आहेत ना?”

तेरा माणसं तिच्याकडे बघत होती.

“आहेत,” रेझिका म्हणाली.

अकरा वर्षं लिहून लिहून ते खोटं इतकं गुळगुळीत झालं होतं की घशात कुठं अडकलंसुद्धा नाही. सिल्वोनं मान हलवली आणि एक रेडिओ बोगोमीरच्या हाती दिला. सगळं पथक आणि मंडळातले चार धडधाकट गडी ओढ्याच्या बाजूनं चढायला लागले. बॅटऱ्यांचे ठिपके धुक्यात एकेक करून विझत गेले.

ती किटलीपाशी उभी राहिली. तिला वाटेचा प्रत्येक दगड पाठ होता, पण सगळा चढतानाचा. आता ती मनातल्या मनात माथ्यावरून उतरू लागली. विश्रांतीघर. कुंपणाचं फाटक. मग फरचं दाट जंगल, आणि मग ती जागा जिथं लाकडं ओढून न्यायचा जुना रुंद रस्ता वाटेला छेदून जातो. चढताना तिथं रस्ता ओलांडला की समोरच्या जाड झाडावर तिची खूण, ताटलीएवढी. उतरताना? उतरताना त्याच झाडाची मागची बाजू. तिथं एडोचं कडं होतं. अकरा वर्षांचं, न खरवडलेलं, सालीबरोबर गळून गेलेलं. डोळ्यांसमोर नुसता रुंद, सपाट, निमूट रस्ता डावीकडे वळतो, आणि खरी वाट उजवीकडे झुडपांतून बोळासारखी निघते. अनोळखी माणूस डावीकडेच जाणार. आणि तो रस्ता अर्ध्या तासानं दरीच्या तोंडाशी संपतो, जिथून पूर्वी ओंडके खाली सोडायचे.

म्हणजे माणसं पार दुसऱ्याच अंगाला शोधत होती.

तिनं घड्याळ पाहिलं. पावणेपाच. ‘ओढ्यावर असेलही,’ ती स्वतःला म्हणाली. ‘घसरली असेल. बुटांकडे कधी लक्ष असतं तिचं?’ माणूस स्वतःला वाचवायला किती पटकन दुसऱ्याचे बूट शोधतो! तिची तिलाच किळस आली, तरी पाय हलेनात. एकतीस वर्षं. सभेतल्या टाळ्या. ती चिठ्ठी, आणि ते हसणं.

तेवढ्यात तोन्चकाची मुलगी मार्येता गाडी वेडीवाकडी उभी करून धावत आली. चेहरा पांढराफटक.

“मी सांगत होते!” ती बोगोमीरवर ओरडली. “डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, एकटी सोडू नका म्हणून सांगत होते! तिला खुणा दिसल्या नसणार. जिवंत सापडू दे फक्त, पुन्हा डोंगराचं नाव काढू देणार नाही. बूट जाळून टाकीन तिचे.”

“शांत व्हा, मार्येता,” बोगोमीर म्हणाला. “वय झालं की नजर… खुणा तर चांगल्या आहेत.”

“बोगोमीर, तो रेडिओ दे इकडे,” रेझिका म्हणाली.

“पथकाचा आहे तो. तुम्ही बसा जरा—”

“दे म्हणते ना!”

तिनं तो त्याच्या हातातून ओढूनच घेतला. बटण दाबलं.

“सिल्वो, मी रेझिका. ओढा सोड. मी खोटं बोलले. उतरणीच्या खुणा नाहीत. अकरा वर्षं रंगवल्याच नाहीत मी. ती ओंडक्यांच्या रस्त्यानं डावीकडे गेली असेल, दरीकडे. लुदविकला सांग, गाडी घेऊन वरून ये म्हणावं. ऐकू येतंय का?”

रेडिओ खरखरला. मग सिल्वोचा आवाज आला, अगदी सपाट. “आलं. पाऊण तास गेला, रेझिकाताई.”

मार्येता नुसती बघत राहिली, आणि रेझिकाला वाटलं, हिनं एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. बोगोमीर रेझिकाला बाजूला घेऊन कुजबुजला, “सगळ्यांसमोर कशाला बोललात? सभेत बघितलं असतं आपण. मंडळाचं नाव आहे. विमेवाले विचारतील.”

“मेली असती तर सभेत सांगायचं होतं का मी?” रेझिका म्हणाली.

त्यापुढचा तास तिनं कसा काढला ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. उजेड गेला. चहा गार झाला. कुणी तिच्याजवळ आलं नाही, आणि कुणी यावं असं तिलाही वाटलं नाही. तिनं एडोला मनातल्या मनात शिव्या घातल्या. लांबट कडी काढणाऱ्या माणसा, तुझ्या एका खुणेचं मला एवढं प्रेम होतं की मी ती मरू दिली.

सहाला पाच कमी असताना रेडिओ बोलला. “सापडली. कुत्रीला सापडली. दरीच्या काठाखाली दोन पुरुष खोल, एका बुंध्याला अडकलीये. घोटा मोडलाय, गारठलीये. शुद्धीवर आहे. शिव्या देतेय.”

मार्येता जमिनीवरच बसली आणि हमसाहमशी रडली.

लुदविकच्या गाडीतून तोन्चकाला आणलं तेव्हा ती चंदेरी कागदात गुंडाळलेली होती, ओठ निळे. रुग्णवाहिकेत चढवायच्या आधी मार्येता तिच्या गालाला गाल लावून म्हणाली, “झालं आई, आता पुरे. आता घरी बसायचं.”

“हो गं,” तोन्चका म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक कधी कुणी ऐकला नव्हता. “माझंच चुकलं. नव्या डोळ्यांचा भारी तोरा. तिथं वळणावर किती वेळ उभी होते, खूण काही दिसेना. परत मागे गेले, परत आले. म्हटलं, रेझिकाच्या खुणा सुटायच्या नाहीत, डोळेच गेलेत आपले. नाही येणार आता मी.”

बोगोमीरनं रेझिकाकडे पाहून हळूच मान हलवली. नको, आत्ता नको.

रेझिका स्ट्रेचरपाशी गेली. “डोळे ठीक आहेत तुझे,” ती म्हणाली. “खूण नव्हतीच. उतरणीच्या एडो काढायचा. तो गेल्यापासून कुणी काढल्याच नाहीत. मी अहवालात खोटं लिहीत आले, आणि मघाशी सिल्वोलाही खोटं सांगितलं. तुला पाऊण तास जास्त थंडीत ठेवलं मी.”

तोन्चकानं मान मुलीकडे वळवली. “मार्येता, ऐकलंस? डोळे ठीक आहेत माझे. बूट जाळशील तर याद राख.” रेझिकाला ती एक शब्द बोलली नाही. दारं लागली आणि रुग्णवाहिका गेली.

हिवाळाभर तोन्चका तिच्याशी बोलली नाही. रेझिका रविवारी दवाखान्यात आणि मग घरी पोटिका घेऊन जायची. मार्येता अक्रोडाचा तो केक दारातच घ्यायची आणि दार लावायची. सभेत रेझिकानं उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं आणि रंगाचे डबे टेबलावर ठेवले. ते उचलायला कुणी पुढे आलं नाही, शेवटी तिनंच ते घरी नेले. टाळ्या वाजल्या नाहीत.

जूनच्या पहिल्या शनिवारी पहाटे रेझिकाच्या दारावर काठी आपटली. बाहेर तोन्चका, पायात तेच बूट.

“डबे घे,” ती म्हणाली. “लुदविक वर सोडतोय. आपण उतरायचंय.”

विश्रांतीघराच्या फाटकापासून तोन्चका पुढे झाली, काठी टेकत, लंगडत, या वाटेवर पहिल्यांदाच आल्यासारखी चारी बाजूंना बघत. रेझिका मागे. जिथं तोन्चका थांबायची आणि “दिसत नाही” म्हणायची, तिथं रेझिका साल खरवडून रंग लावायची. तोन्चका निरखायची आणि पुढे चालायची.

ओंडक्यांच्या रस्त्यापाशी तोन्चका थांबली. “दिसत नाही.”

रेझिकानं जाड फरवर ताटलीएवढं कडं काढलं, आत ठिपका भरला आणि मागे सरकली.

“दिसत नाही,” तोन्चका म्हणाली.

रेझिकानं तिच्याकडे पाहिलं. लाल रंग उन्हात नुसता पेटला होता. शेजारच्या झाडावर तिनं दुसरं कडं काढलं.

“दिसत नाही.”

तिनं तिसरं काढलं. मग चौथं. पाचव्याला पांढरा रंग संपला, म्हणून तिनं डब्याचा तळ बोटानं पुसून ठिपका भरला. तोन्चका काठीवर रेलून बघत होती, आणि तिचे दोन्ही गाल ओले झाले होते.

“हं,” ती म्हणाली. “आता दिसतंय.” आणि उजवीकडच्या बोळात शिरली.