येते म्हणायचं राहिलं

अमेरिकेतल्या आमच्या या गावात जूनच्या पहिल्या शनिवारी साहित्य महोत्सव भरतो. गाव कागदोपत्री शहर आहे. चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन, मधोमध कोर्टाची इमारत, रुळांशेजारी धान्याची उंच कोठारं आणि बारा महिने वारा. महोत्सव लायब्ररीच्या हिरवळीवर होतो. चर्चमधून मागून आणलेल्या घडीच्या खुर्च्या, लिंबाचं सरबत आणि चार तंबू. त्यातला कचऱ्याच्या पिंपाजवळचा चौथा तंबू ‘इतर भाषां’चा. तिथे मी गेली नऊ वर्षं मराठीत एक पान वाचते. समोर वीस-पंचवीस माणसं, बहुतेक बियाण्यांच्या कंपनीच्या टोप्या घातलेले म्हातारे शेतकरी. एकालाही मराठीचं ओ की ठो कळत नाही. तरी येऊन बसायचे, कारण बाईंनी बोलावलेलं असायचं.

बाई म्हणजे इथल्या शाळेत चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या अमेरिकन बाई. इथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण माझ्या आईच्या वयाच्या मास्तरणीला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. शेवटी सांगून टाकलं, आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, मी तेच म्हणणार. त्यांना ते फार आवडलं. महोत्सव त्याच चालवत, आणि गावातली निम्मी माणसं त्यांचे विद्यार्थी, त्यामुळे ‘नाही’ म्हणायची कुणाची टाप नव्हती. माझीही नव्हती.

दर वर्षी मार्चपासून महोत्सवापर्यंत दर गुरुवारी दुपारी बाई माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायच्या. मी लिहिलेलं पान मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचं, त्यांनी ते नीट करायचं आणि तंबूत माझ्यानंतर इंग्रजीत वाचायचं. आम्ही भांडायचोही भरपूर. कुरडईला त्यांनी एकदा नूडल म्हटलं, तेव्हा मी चहाचा कप असा आपटला की कान तुटला. मला राग पटकन येतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “मग कुरडईच ठेवू. लोक शिकतील.”

पहिल्याच गुरुवारी निघताना त्यांनी कुठूनतरी शिकून आलेलं वाक्य मोठ्या हौसेनं म्हटलं, “मी जाते.” मी जवळजवळ ओरडलेच, “असं म्हणू नये!” दारातून परत आणून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मग समजावलं. जाते म्हणजे कायमचं गेल्यासारखं वाटतं. आपण निघताना येते म्हणतो. म्हणजे परत येणार. ते म्हटल्याशिवाय निघायचं नाही. बाईंनी वहीत लिहून घेतलं, तीनदा म्हणून दाखवलं, आणि मगच मी त्यांना सोडलं.

पुढे त्यांनी तो शब्द तंबूत नेला. आमचं वाचन संपलं की म्हणायच्या, टाळ्या नकोत, येते म्हणा आणि उठा. मग ते सगळे टोप्या घातलेले आडदांड म्हातारे एकेक करून माझ्यासमोरून जायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, “येते.” पुरुषांनी येतो म्हणायचं असतं, हे मी दोन वर्षं सांगून पाहिलं. त्यातला एक म्हणाला, “आमच्या बाई येते म्हणतात.” मी नाद सोडला.

यंदा एप्रिलमध्ये बाईंचं दुखणं निघालं आणि मे लागेपर्यंत डॉक्टरांनी हात टेकले. गावाबाहेर, शेतांच्या कडेला, शेवटचे दिवस काढणाऱ्यांसाठी एक बैठी इमारत आहे, तिथे त्यांना ठेवलं. संध्याकाळपासून शिकागोहून आलेली मुलगी जवळ असायची. मी रोज दुपारी जायची आणि यंदाचं पान घेऊन बसायची. गच्चीवरच्या वाळवणाचं होतं ते, राखण करताना मला झोप लागली आणि कावळ्यांनी पापड नेले त्याचं. रोज निघायच्या वेळी बाईंचा डोळा लागलेला असायचा, मी हळूच उठून यायची.

त्या दिवशी तसं झालं नाही. शेवटची ओळ त्यांनी सांगितली, मी लिहून घेतली. पाच वाजत आले होते. मी पिशवी उचलली, त्यांचा हात दाबला आणि निघाले. बाई जाग्या होत्या. मी दारापर्यंत पोचेस्तोवर त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काही बोलले नाही.

कारण दवाखान्यातून निघताना येते म्हणत नाहीत. लहानपणी नागपुरात मामांना बघायला गेलो होतो, तिथे मी “येते मामा” म्हटलं, तर आईनं दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस वळ होता. दवाखान्यात आणि कुणी गेलेल्या घरी परत येण्याची भाषा करायची नाही. मुकाट्यानं पाठ वळवायची. हे मी कधी विचार करून पाळलं नाही, ते आपोआप पाळलं जातं. माझा काही त्याच्यावर विश्वासही नाही. पण जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

बाहेर येऊन गाडीत बसले, पण किल्ली लावायला हात उचलेना. समोर वीतभर उगवलेला मका होता, त्याच्याकडे बघत मी अर्धा-पाऊण तास रडले. मग घरी येऊन कुकर लावला.

बाई दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या.

महोत्सव तीन आठवड्यांवर होता. नवरा म्हणाला, “अगं, एवढा त्रास होतोय तर कॅन्सल कर ना. मेल टाकून दे, समजून घेतील लोक.” मी त्याच्यावरही खेकसले. बाईंनी शेवटच्या ताकदीनं पूर्ण केलेलं पान होतं ते.

बाईंच्या जागी इंग्रजी वाचायला त्यांची मुलगी पुन्हा शिकागोहून आली. मी मराठी वाचलं, मग ती उभी राहिली. तिचा आवाज थेट आईचा. अर्ध्यात बारा वाजले आणि वादळाच्या भोंग्याची चाचणी सुरू झाली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती होते आणि दर वर्षी आमच्या वाचनाच्या मधे येते. मुलगी मिनिटभर थांबली, समोरच्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या. भोंगा थांबल्यावर कावळ्यांनी पापड नेले, लोक हसले, आणि वाचन संपलं. मग कुणी न सांगता सगळे उठले. रांगेनं आले. येते. येते. येते. मी प्रत्येकाला ‘या’ म्हणत होते आणि मला समोरचं दिसत नव्हतं.

नंतर आम्ही दोघी खुर्च्या घडी करत होतो. ती म्हणाली, “तुला एक सांगायचं होतं, ऐकून बरं वाटेल तुला. आईची शेवटची संध्याकाळ. तू निघाल्यावर थोड्याच वेळात नर्स दार लावायला आली तर आई लावू देईना. तुझी खुर्चीही हलवू देईना. मी म्हटलं, अगं ती गेली घरी. तर म्हणाली, नाही, ती अजून निघालेली नाही. तिनं तिचा शब्द म्हटलेला नाही. पार्किंगमध्ये काहीतरी आणायला गेली असेल, येईलच. दार उघडंच ठेवलं आम्ही. झोप लागेपर्यंत तिकडेच बघत होती.”

तिला वाटलं, मी हसेन. छान गोष्ट म्हणूनच सांगत होती ती. मी हातातली खुर्ची उघडली आणि तिच्यावर बसले.

नियम मीच शिकवला होता. खुर्चीत बसवून, वहीत लिहायला लावून, तीनदा म्हणवून घेतला होता. दवाखान्यात तो उलटा होतो, हे नऊ वर्षांत एकाही गुरुवारी सांगितलं नाही. एवढ्या मोठ्या मराठीतली मी त्यांना अर्धीच गोष्ट दिली, आणि त्या अर्धीवर भरवसा ठेवून त्या दाराकडे बघत राहिल्या.

मुलीनं विचारलं, मी चुकीचं काही बोलले का. मी नाही म्हणून मान हलवली. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. मी निघाले नव्हते. अर्धा-पाऊण तास मी पार्किंगमध्येच होते.