वेबसाइटवरचा वकील

ग्रुपवरच्या वकील मित्रांनो, वेबसाइट काढल्यापासून नवीन अशिलांच्या आशेनं मी रोज संध्याकाळी मेल पाहून राह्यलो. आज केसच्या पुकाऱ्याले वेळ आहे म्हणून दुपारीच ब्रह्मपुरी कोर्टातून सायबर कॅफेत पळालो. पान उघडेपर्यंत तास गेला. मेल एकही नाई.

परतलो तर टेबलापाशी सखूबाई बसलेली. तलावातल्या मासोळीवर जगणारी माझी जुनी अशील.

"भाऊ, पुकारा झाला. सायबानं इचारलं, वकील कुठी? मी काय सांगू?"

तलावाच्या ठेकेदारानं तिले अडवू नये, हा मनाई हुकूम उठला. उद्यापासून तिले तलावात जाळं टाकता येत नाई.

"रोज तं इथीच राहता तुमी. आजच काऊन गेले?"

माझ्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'अशिलांसाठी सदैव हजर'. ते कसं पुसायचं, मले कोणी सांगता का?