आबांची ‘ही’

आबा नुसतं ‘ही’ म्हणत. ‘ही आज जेवली न्हाई.’ ‘हिला गारवा लागतो.’ जामखेडला त्यांच्या घरात भाड्यानं राहायला गेले तेव्हा मला वाटलं, आत आजारी बायको असावी. बायको तर केव्हाच गेली होती. ‘ही’ म्हणजे बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेली टॅरेंटुला, तळहाताएवढी केसाळ कोळीण. जेसीबीनं शेताचा बांध उकरताना ती निघाली. लोक दगड घेऊन धावले. आबांनी तिच्यावर डबा उपडा घातला आणि घरी आणली.

एसटीतून निवृत्त झालेला हा ड्रायव्हर तसा मायाळू. माझा नवरा नोकरीला नगरला, मी इथल्या शाळेत शिक्षिका. दिवसभर माझी रांगती शाल्मली आबांकडेच असे. ती पेटीकडे झेपावली की ते तिचा हात धरत. “बघायचं फकस्त. हात लावायचा न्हाई.” हे तिला, आणि मलाही. नाकतोडा चिमट्यानं पेटीत सोडत आणि कोळीण झडप घालेपर्यंत श्वास रोखून बसत.

उन्हाळ्यात कोळिणीनं खाणं सोडलं. कात टाकायच्या आधी असं होतं, हे मी मोबाईलवर वाचून सांगितलं. आबांना पटलं नाही. “आमच्या मंडळीनं बी आधी जेवनच सोडलं हुतं,” ते म्हणाले. मग कोंडल्यानंच असं झालं म्हणून दिवसा पेटीचं झाकण काढून ठेवू लागले. मी लावलं की पुन्हा काढत. पोरीला नजरेआड करणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी ऐकून घेतलं. दुसरं कोण होतं मला तिथं?

एका दुपारी शाळेतून आले तर पेटी रिकामी. आबा पेटीजवळच बसून चहा पीत होते, शाल्मली त्यांच्या मांडीवर झोपलेली.

“गेली आसंल घरातच कुठंतरी,” ते म्हणाले.

मी सगळं घर उलथंपालथं केलं. ती सापडली नाही. फवारणीवाल्याला बोलावलं, तर आबा उंबऱ्यात उभे राहिले. आवाज चढवला नाही.

“औषध मारायचं न्हाई. पोर तुमची हाय, घर माझं हाय.”

संध्याकाळीच मी टेम्पो आणला. सामान निघालं तेव्हा मात्र आबा पुढे झाले. पाळण्यातली गोधडी, दुपटी, झबली, एकेक घडी उलगडून त्यांनी शिवणीशिवणीतून उघडी बोटं फिरवली आणि मगच माझ्या हातात दिली. मी म्हणाले, आबा, चावेल. ते म्हणाले, “म्हनूनच मी बघतोय.”

दिवाळीत फराळ घेऊन गेले, ती शेवटची भेट. पुढे थंडीत ते वारले तेव्हा शेजाऱ्यांना दार फोडावं लागलं. दिवाळीत मी गेले त्या दिवशीही दार आतून बंद होतं. खिडक्यांच्या फटी मातीनं लिंपलेल्या, दाराखाली लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या. आबा आतूनच बोलले. दार उघडलं की ती बाहेर जाईल आणि लोक ठेचतील, असं त्यांचं म्हणणं. फराळाचा डबा ओट्यावर ठेवून मी विचारलं, दिसली का हो कधी?

दाराखालची चिंधी आतून आणखी घट्ट कोंबली गेली.

“न्हाई,” ते म्हणाले. “पन पोरीला आनू नका.”