फुलांतला फोटो

विनोद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाच भेटायला देवळीच्या बसमध्ये बसलो होतो. रडू आलंच. पण त्याआधी मनात आलं, बरं झालं, मोकळा होऊन गेला... त्या विचाराची अजून थोडी लाज वाटते.

स्टँडजवळ त्याचं इंटरनेट कॅफे होतं. लोक निकाल बघायला यायचे आणि हा कोपऱ्यात जपानच्या एका गाणाऱ्या मुलीचं पान उघडून बसायचा. टीव्हीवर कधी न आलेली, तळघरातल्या हॉलमध्ये पन्नासेक चाहत्यांपुढे गाणारी ‘आयडॉल’. चाहते रंगीत दिव्यांच्या कांड्या हलवत, ठेक्यात तिचं नाव घेत. हाही इथे खुर्चीत डोलायचा. आम्ही त्याला जपानचा जावई म्हणायचो. एक दिवस पानावर तिचा मोठा फोटो आला, भोवती फुलंच फुलं. जपानी अक्षर याला ओळखता येत नव्हतं, पण असा फोटो आपल्याकडे कशाचा असतो हे कोणाला सांगावं लागतं? या पठ्ठ्यानं परदेशी चाहत्यांच्या चर्चेत मोडक्या इंग्रजीत श्रद्धांजली लिहून टाकली.

ती फुलं निरोपाची होती. तिनं फक्त गाणं सोडलं होतं. हे कळेपर्यंत बातमी हाताबाहेर गेली होती. ती स्टेजवरच गेली, तिचं शेवटचं गाणं पूर्ण ऐकणारा मरतो, असं काहीबाही लोक लिहू लागले. विनोदनं चूक कबूल केली, तर त्यालाच खोटारडा ठरवलं. “जित्त्या पोरीले मारलं ना मी,” तो म्हणायचा. आम्ही हसायचो. तो हसत नसे. कॅफे बंद होऊन झेरॉक्सचं दुकान झालं, तरी तिची माफी मागायला तो तिला शोधतच राहिला.

गेल्या वर्षी, त्याच्या आजारपणात, ती सापडली. लहान मुलांना नाच शिकवते. यानं सगळं लिहून कळवलं. आठवड्यानं उत्तर आलं: माझी मुलगी ते गाणं रोज पूर्ण ऐकते, तिला काही झालेलं नाही, तुम्हीही ऐका. विनोदनं मला फोन लावून ते तीनदा वाचून दाखवलं. इतका हलका आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

तेरवीला मी हार घेऊन गेलो. सुनीतावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, हात आडवा केला.

“भाऊजी, फोटोले हार नोका घालू. त्यायनं सांगून ठेवलं होतं... लोकं मेला समजतील म्हणे मले.”

दोघांनाही हसू आलं, मग रडू. हार मी पिशवीत परत ठेवला. फोटोखाली ते उत्तर चिकटवलेलं आहे, त्यानंच छापून ठेवलेलं.